फीच्या पावतीतली आठशे वर्षं

तेराव्या-चौदाव्या शतकात बोलोन्यात प्राध्यापकी करणं सोपं नव्हतं. इटलीतल्या या शहरात परगावांहून कायदा शिकायला आलेल्या तरुणांनी आपापले संघ बांधले होते. त्या संघांचा कारभार म्हणजेच विद्यापीठ. त्याचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, विद्यार्थ्यांतूनच निवडला जाई. प्राध्यापकाने तास उशिरा सुरू केला तर दंड, घंटा झाल्यावरही बोलत राहिला तर दंड, अवघड भाग गाळून पुढे सरकला तरी दंड. एक दिवस गावाबाहेर जायचं तरी परवानगी काढावी लागे. नेहमीच्या व्याख्यानाला पाच श्रोतेही जमले नाहीत, तर प्राध्यापक त्या दिवशी गैरहजर धरला जाई. तो समोर उभा असला तरी! दंड बुडू नये म्हणून त्याच्याकडून अनामत आधीच घेऊन ठेवलेली असे.

जगातल्या सगळ्यात जुन्या विद्यापीठांपैकी एक असलेल्या या ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी वेगळा विभाग नव्हता. लागतच नव्हता, कारण सगळं विद्यापीठच त्यांचं होतं.

आता थेट गिरणाकाठी येऊ. जळगावहून महामार्गाने धुळ्याकडे निघालं की बांभोरीच्या शिवारात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा साडेसहाशे एकरांचा परिसर लागतो. टपालाचा पत्ता जळगावचा, पण बांभोरी हे गाव महसुली दप्तरात धरणगाव तालुक्यातलं. त्यामुळे धरणगावच्या माणसाने 'विद्यापीठ आमच्या तालुक्यात आहे' असं म्हटलं, तर जळगावकरांनी हसू नये. शाळेची पायरी न चढलेल्या आसोद्याच्या बहिणाबाईंचं नाव ऑगस्ट २०१८मध्ये ज्या विद्यापीठाला मिळालं, ते विद्यापीठ धरणगाव तालुक्यात असणं हीसुद्धा एक गंमतच आहे. कारण धरणगावाने मराठीला बालकवी दिले. त्यांच्याकडे पुढे येऊच.

या विद्यापीठात 'विद्यार्थी विकास विभाग' आहे. कॉलेजातल्या मुलांना तो मुख्यतः युवारंग महोत्सवामुळे ठाऊक असतो आणि गरजू मुलांना 'कमवा आणि शिका'मुळे. बाकीच्यांच्या लेखी ते परिपत्रकं काढणारं एक कार्यालय. मला मात्र विद्यापीठातलं हेच कार्यालय सगळ्यात नवलाचं वाटतं. परीक्षा विभाग का आहे, हे कुणाला सांगावं लागत नाही. पण विद्यार्थ्याने काय खावं, कुठे राहावं, तो आजारी तर नाही ना, त्याला नाटकात काम करायला मिळतं का, पुढाऱ्याच्या मागे तर तो लागला नाही ना, हे सगळं विद्यापीठाने का बघायचं? आणि बघायचं असं ठरवलं कुणी, कधी?

उत्तर फीच्या पावतीत आहे. कोणत्याही संलग्न कॉलेजची पावती घ्या आणि शिकवणी शुल्काच्या खालच्या बारीक ओळी वाचा. जिमखाना, वैद्यकीय तपासणी, विद्यार्थी साहाय्य निधी, राष्ट्रीय सेवा योजना, युवक महोत्सव, अश्वमेध, आपत्ती व्यवस्थापन, विमा. कॉलेजागणिक नावं थोडी इकडेतिकडे होतील. रकमा किरकोळ असतात, म्हणून कुणी वाचत नाही. पण विहीर खणताना जसे काळ्या मातीखाली मुरूम आणि मुरुमाखाली खडक असे थर लागत जातात, तसा या पावतीतला एकेक रकाना एकेका काळाचा थर आहे. सगळ्यात खालचा थर सव्वाशे वर्षांचा आहे.

त्याच्याही आधी काय होतं? काहीच नव्हतं. १८ जुलै १८५७ला स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ लंडनच्या नमुन्यावर बेतलेलं होतं. त्याचं काम परीक्षा घेणं आणि पदव्या देणं. १८५९च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेला १३२ जण बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. त्या २२ जणांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ते कुठे राहतात, काय खातात, डोळे दुखतात का, याच्याशी विद्यापीठाचा संबंध नव्हता. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा, मुख्य ठाणं धुळे. १९०६मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. कॉलेज करायचं तर मुलाला पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे. बिऱ्हाड कुणाकडे करायचं, हे घरच्यांनी बघायचं. जातवार वसतिगृहं, वार लावून जेवणं, एखाद्या दात्याची शिष्यवृत्ती, अशी सगळी सोय समाजातच होती.

विद्यापीठाला विद्यार्थ्याच्या राहण्या-जेवण्याची दखल पहिल्यांदा कायद्याने घ्यायला लावली ती लॉर्ड कर्झन यांनी. १९०४च्या भारतीय विद्यापीठ कायद्यात संलग्नता मागणाऱ्या कॉलेजवर एक अट घातली होती. जे विद्यार्थी आईबापांकडे किंवा पालकांकडे राहत नाहीत, त्यांच्या राहण्याची सोय कॉलेजात किंवा कॉलेजने मान्य केलेल्या जागेत हवी, आणि विद्यार्थ्यांच्या देखरेखीची व शारीरिक कल्याणाची तजवीज हवी. देखरेख आणि कल्याण ही दोन्ही एकाच कलमात, एका दमात. पुढच्याच वर्षी बंगालची फाळणी झाली, विद्यार्थी स्वदेशीच्या मिरवणुकांत उतरले, आणि ऑक्टोबर १९०५मध्ये कार्लाइल परिपत्रक निघालं. विद्यार्थ्यांना राजकारणापासून आवरलं नाही, तर संस्थांचं अनुदान आणि शिष्यवृत्त्यांचा हक्क काढून घेऊ, असा त्याचा मथितार्थ. मुलाची खोली कॉलेजने मान्य केलेली असावी, या काळजीत पोलिसी नजरही मिसळलेली होती, हे वर्षभरातच उघड झालं.

धरणगावला काळजी आणि पहाऱ्याचं हे जोडपं नवीन नव्हतं. १८१८मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे आला, तेव्हा सातपुड्यातल्या आणि सातमाळ्यातल्या भिल्लांशी सरकारचा संघर्ष पेटलेला होता. पलटणी पाठवून काही साधेना. मग १८२५मध्ये धोरण बदललं. खानदेशात भिल्ल एजन्स्या नेमल्या गेल्या आणि जेम्स आउट्रम या अवघ्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटने धरणगावला ठाणं करून खानदेश भिल्ल पलटण उभी केली. जुन्या गुन्ह्यांना माफी, कसायला जमीन, बैल-बियाण्यासाठी तगाई, पलटणीत पगारी नोकरी, आणि या सगळ्याबरोबर कडक नजर. ज्याला सांभाळायचं त्याच्यावरच पहारा ठेवायचा, ही राज्य करण्याची रीत धरणगावने कर्झनच्या कायद्याच्या कितीतरी आधी पाहिलेली आहे. ज्या डोंगरपट्ट्यासाठी ती एजन्सी होती, तिथल्या भिल्ल आणि पावरा घरांतली मुलंमुली आज याच तालुक्यातल्या विद्यापीठाच्या पटावर आहेत. इतिहासाची ही वळणं कुणी आखून काढलेली नसतात.

पावतीतला 'वैद्यकीय तपासणी' हा रकाना वरवर निरुपद्रवी. त्याची मुळं कोलकात्यात आहेत. १९१७ ते १९१९ या काळात मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली कोलकाता विद्यापीठ आयोग बसला होता. विद्यापीठ म्हणजे परीक्षेचं यंत्र नव्हे, तिथल्या मुलांच्या आरोग्याकडे आणि राहणीकडे पाहणारं मंडळ हवं, असं त्याने बजावलं. त्यानंतर कोलकाता विद्यापीठाने विद्यार्थ्यांची पद्धतशीर वैद्यकीय तपासणी हाती घेतली. तिथून ही कल्पना देशभर पसरली. मुलाची उंची, वजन, छाती, नजर एका कार्डावर लिहायची आणि कार्ड कपाटात ठेवायचं. पुढे अनेक ठिकाणी तपासणी एका रांगेत, अर्ध्या मिनिटात उरकू लागली. तरी रकाना टिकला. सरकारी कामकाजात रकाने माणसांपेक्षा चिवट असतात.

आता जरा थांबून अमळनेरला जायला हवं. सुरतेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर धरणगावच्या पुढे अमळनेर. इथल्या हायस्कुलात १९२४मध्ये पांडुरंग सदाशिव साने नावाचे एक शिक्षक रुजू झाले आणि लवकरच छात्रालयाचं कामही त्यांच्याकडे आलं. हे विद्यापीठ नव्हतं, शाळेचं वसतिगृह होतं. पण विद्यार्थी कल्याणाचा इतिहास खानदेशात लिहायचा आणि साने गुरुजींना वगळायचं, हे मला जमणार नाही. मुलांच्या अंथरुणाच्या घड्या घालणं, खोल्या झाडणं, आजारी मुलाच्या उशाशी बसणं हे ते स्वतः करत. देखरेख करायला नेमलेला माणूस देखरेख करतच नव्हता, तो सेवा करत होता. मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढत. हो, दैनिक, रोजच्या रोज, एका माणसाने हाताने लिहिलेलं. १९२८मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं आणि १९३०मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. सहा वर्षांचा हा काळ. कोणत्याही विद्यार्थी विकास अधिकाऱ्याला नियुक्तिपत्राबरोबर या सहा वर्षांची हकिकत द्यावी, असं मला नेहमी वाटतं.

दुसरा माणूस सातारचा. भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचं एकत्र वसतिगृह उभं केलं. मुलांनी तिथे श्रम करायचे, स्वयंपाक करायचा आणि शिकायचं. आज राज्यातल्या विद्यापीठांत 'कमवा आणि शिका' या नावाने जी योजना चालते, तिचं मूळ इथे आहे. दिवसातले दोन-तीन तास ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत, प्रयोगशाळेत काम करायचं आणि तासाप्रमाणे मानधन घ्यायचं. गंमत अशी, की अमेरिकेतल्या विद्यापीठांतही अशा योजना आहेत, पण आपल्याकडची तिथून आलेली नाही. ती सातारच्या मातीतून आलेली आहे.

स्वातंत्र्यानंतर कागदपत्रांना वेग आला. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९मध्ये अहवाल दिला. विद्यार्थ्यांची मोफत तपासणी, दुपारचं परवडणारं सकस जेवण, वसतिगृहं, विद्यार्थी कल्याणासाठी सल्लागार मंडळ, असा त्यातला एक अख्खा भाग विद्यार्थ्यांच्या जगण्यावर आहे. १९६४ ते ६६ या काळातल्या कोठारी आयोगाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की विद्यार्थी कल्याणासाठी पूर्णवेळ अधिष्ठाता हवा, आणि हजार विद्यार्थ्यांमागे निदान एक समुपदेशक असावा. साठ वर्षांपूर्वीचं हे वाक्य आहे. आपल्या ओळखीच्या कॉलेजात पट किती आणि समुपदेशक किती, हा हिशेब वाचकाने स्वतः करून पाहावा.

अमेरिकेने ही वाट आधी तुडवलेली होती. हार्वर्डमध्ये इंग्रजीचे अध्यापक लबॅरन रसेल ब्रिग्ज १८९१मध्ये कॉलेजचे डीन झाले आणि विद्यार्थ्यांची विचारपूस, कानउघाडणी, मदत हे त्यांचं मुख्य काम ठरलं. १९३७पर्यंत तिथे या कामाचा एक स्वतंत्र व्यवसाय झाला. त्याची तत्त्वं ठरली, शिक्षणक्रम निघाले. आपल्याकडे तसं झालं नाही. आपल्याकडे हे काम आजही बहुतेक ठिकाणी मराठीच्या, भूगोलाच्या, रसायनशास्त्राच्या मास्तरांकडे 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून असतं. ते चांगलं की वाईट? मला वाटतं, माणूस चांगला असेल तर फार चांगलं, नसेल तर काहीच नाही. यंत्रणेने माणसाच्या नशिबावर इतकं अवलंबून असू नये, हे खरं.

आता जरा भराभर. २४ सप्टेंबर १९६९, गांधी जन्मशताब्दीचं वर्ष: ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दत्तक गाव, सात दिवसांचं शिबिर, वर्षाला १२० तास सेवा. पावतीतला आणखी एक रकाना. १९५४मध्ये दिल्लीच्या तालकटोरा उद्यानात पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव झाला. १९८५ हे आंतरराष्ट्रीय युवक वर्ष. तेव्हापासून भारतीय विद्यापीठ संघाने युवक महोत्सवांची नियमित साखळी बांधली. आपलं विद्यापीठ, मग विभाग, मग देश. त्यात मूकनाट्य, विडंबननाट्य, नकला, समूहगीत, व्यंगचित्र, मातीकाम, रांगोळी. पुढे राज्यपालांच्या, म्हणजे कुलपतींच्या पुढाकाराने राज्यातल्या विद्यापीठांचे एकत्र उपक्रम सुरू झाले. खेळांसाठी 'अश्वमेध', कलांसाठी 'इंद्रधनुष्य', संशोधनासाठी 'आविष्कार', आपत्तीत धावून जाण्याच्या प्रशिक्षणासाठी 'आव्हान'. प्रत्येकाच्या मागे एक बैठक, एक शासकीय पत्र, आणि पावतीत एक नवी ओळ.

खानदेशाचा स्वतःचा प्रवास यात कुठे बसतो? १९४९मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा बारा जिल्हे त्याच्या पोटात होते आणि संलग्न कॉलेजं अवघी १८. त्यांत अमळनेरचं प्रताप कॉलेज आणि जळगावचं मूळजी जेठा कॉलेज ही खानदेशाची. शिवाजी विद्यापीठ निघाल्यावर दक्षिणेकडचे जिल्हे गेले आणि पुणे विद्यापीठाकडे पाच जिल्हे उरले: पुणे, नगर, नाशिक, धुळे, जळगाव. अक्कलकुव्याच्या विद्यार्थ्याला नाव दुरुस्त करायचं, विम्याचा दावा टाकायचा, तर सगळी पत्रं पुण्याला. एवढ्या लांबच्या खिडकीशी उभं राहणं म्हणजे दोन दिवसांचा प्रवास आणि मुक्कामाचा खर्च. विद्यार्थी कल्याण हे आधी अंतराचं गणित असतं, हे आदिवासी पट्ट्यातल्या कोणत्याही मुलाला विचारा.

१५ ऑगस्ट १९९०ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं. गणिताचे मोठे अभ्यासक डॉ. एन. के. ठाकरे पहिले कुलगुरू. कार्यक्षेत्र जळगाव आणि धुळे. १ जुलै १९९८ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला, म्हणून आज तीन जिल्हे. विद्यापीठ नवं, पण कायदे आणि रकाने जुनेच. फी कॉलेजने जमा करायची, विद्यापीठाचा वाटा वर पाठवायचा, आणि मग योजनेसाठी अनुदान खाली यायचं. विद्यापीठाचं परिपत्रक प्राचार्यांकडे, प्राचार्यांकडून प्रभारी प्राध्यापकांकडे, तिथून सूचना फलकावर. महिना संपला की हजेरीपत्रक, व्हाउचर, उपयोगिता प्रमाणपत्र. 'कमवा आणि शिका'तल्या मुलाने झाडांना पाणी घातलं, याचा पुरावा झाडापेक्षा कागदावर जास्त टिकतो. त्यात 'नॅक'च्या मूल्यांकनात पाचवा निकषच विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती हा आहे. त्यामुळे या फायली आता जाडजूड आणि रंगीत झाल्या आहेत. फोटोंसह.

१९९४मध्ये राज्यातल्या विद्यापीठांसाठी एकच महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला. त्यात विद्यार्थी कल्याण संचालकाला कायद्याचं अधिष्ठान मिळालं. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने, जो १ मार्च २०१७पासून लागू झाला, संचालक आणि मंडळ दोन्हींचं नाव 'विद्यार्थी विकास' केलं. त्याआधी काकोडकर, निगवेकर आणि ताकवले या तीन समित्यांचे अहवाल आले होते. पाटी बदलली, शिक्के बदलले, योजना बऱ्याचशा त्याच राहिल्या.

बदललं ते दुसरंच काही, आणि तिथेच बोलोन्याची आठवण व्हावी.

ज्यांनी साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांत कॉलेज केलं, त्यांना सी.आर., एल.आर., जी.एस., यू.आर. ही विद्यार्थी प्रतिनिधींच्या पदांची अक्षरं काय होती हे सांगायला नको. भिंती रंगायच्या, ट्रक यायचे, प्रतिनिधी 'उचलून' सहलीला न्यायचे. तालुक्यातल्या कित्येक पुढाऱ्यांची पहिली निवडणूक कॉलेजातली. १९८९मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि कॉलेजांतल्या थेट निवडणुकांवर पडदा पडू लागला. १९९४च्या कायद्याने रीतच बदलली. वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळवणारा तो वर्गप्रतिनिधी. त्यांच्या जोडीला खेळ, सांस्कृतिक, एन.सी.सी., सेवा योजना यांतले नियुक्त प्रतिनिधी. म्हणजे ज्याला पुढे येऊन बोलायची अजिबात हौस नाही, असा अभ्यासू मुलगा केवळ गुणांमुळे प्रतिनिधी व्हायचा! या रीतीने मारामाऱ्या थांबल्या हे मान्य. पण प्रतिनिधित्वाला बक्षिसाचं रूप आलं, आणि हे माझ्या मते नुकसानच होतं. २०१६च्या कायद्याने खुल्या निवडणुका परत आणल्या. अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गातला एक प्रतिनिधी, अशी पदं ठरली. नियम झाले, आणि २०१९मध्ये वेळापत्रकही तयार होतं. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली म्हणून ते पुढे ढकललं गेलं. थोरांच्या निवडणुकीसाठी पोरांची निवडणूक थांबली.

याच काळात देखरेखीची दिशा मात्र फिरली, आणि मला हे सगळ्यात थक्क करणारं वाटतं. कर्झनच्या कलमात नजर विद्यार्थ्यावर होती. आता हळूहळू ती संस्थेवर रोखली जाऊ लागली. महाराष्ट्राने १९९९मध्येच रॅगिंगविरोधी कायदा केला: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलेल्याला पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. त्याच कायद्यात तक्रारीकडे दुर्लक्ष करणाऱ्या संस्थाप्रमुखावरही बोट ठेवलं आहे. २००९मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी विनियम केले. एप्रिल २०२३च्या विनियमांनी प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठ पातळीवर लोकपाल बंधनकारक केला. लोकपाल म्हणून निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. निकाल लांबला, कागदपत्रं अडवली, फी परत दिली नाही, शिष्यवृत्ती रखडली, याची दाद विद्यार्थ्याला तिथे मागता येते. २४ मार्च २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणातल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी आणि आत्महत्या रोखण्यासाठी न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमलं. कोठारी आयोगाचा तो हजारामागे एक समुपदेशक इथे पुन्हा आठवतो. बोलोन्यात प्राध्यापकाला दंड करणारे विद्यार्थी होते. आता संस्थेला जाब विचारणारा लोकपाल आहे. मधली सातशे वर्षं नजर उलट्या दिशेने लागलेली होती.

आता बालकवींकडे. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९०चा, धरणगावचा. १९०७मध्ये जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, पेशाने डॉक्टर. त्या संमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या ठोमऱ्यांनी कविता म्हटली आणि 'बालकवी' ही पदवी घेऊनच ते मंचावरून उतरले. ना विद्यापीठ होतं, ना विभाग, ना निधी. थोरांनी एका पोराला मंच दिला, ऐकलं आणि नाव दिलं, एवढंच. आज युवारंगात विडंबननाट्य करायला तालुक्याच्या कॉलेजातून संघ येतो. पेटीवाला आणि तबलजी गावचेच, वेशभूषा घरच्या साड्यांतून, मेकअप गॅदरिंगच्या उरलेल्या डबीतून. तेव्हा विभागाने आखलेल्या दहा मिनिटांत तेच घडण्याची शक्यता असते. त्या दहा मिनिटांसाठी नोंदणी, ओळखपत्र, प्राचार्यांचं पत्र, जन्मतारखेचा दाखला आणि संघव्यवस्थापकाची सही लागते, ही त्या शक्यतेची किंमत. दरवर्षी बालकवी निघत नाहीत. पण दाराशी कुणी उभं असावं लागतं, आणि ते उभं राहणं हे या विभागाचं काम आहे.

या विभागाच्या इतिहासात नायक फार नाहीत. परिपत्रकं आहेत, तारखा आहेत, मधूनमधून एखादे साने गुरुजी आहेत. आयोगांनी मागितलेल्या गोष्टींपैकी निम्म्या आल्या, निम्म्या अहवालातच राहिल्या. पूर्णवेळ समुपदेशक, परवडणारी खाणावळ, मुलींसाठी पुरेशी वसतिगृहं ही मागणी जुन्या अहवालांतलीच आहे आणि खानदेशातल्या एस.टी. स्टँडवर सकाळी सहाला उभ्या असलेल्या मुलींकडे पाहिलं तर ती जुनी वाटत नाही.

घरात कुणी कॉलेजात जात असेल तर एवढं करा. आपल्या कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी कोण, त्यांच्याकडे यंदा कोणत्या योजनांची परिपत्रकं आली आहेत आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती, हे विचारा. त्या योजनांचे पैसे तुम्ही भरलेले आहेत.